केक कुणी कापलाच नाही

ओउलु, ११ फेब्रुवारी

प्रिय महगुल आपा,

सलाम. तुझी तब्येत बरी असेल. आम्ही ठीक. बर्फ हटत नाही आणि पोरांची सर्दीही. एकाच गावात राहून पत्र पाठवते म्हणून हसशील. पण तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, मग काय करू? आईला, म्हणजे तुझ्या आत्याला, मी अजून काही सांगितलेलं नाही.

धुलाईघरात सगळे तुझी चौकशी करतात. सिर्पाबाई म्हणाल्या, ‘‘गुरुवारपर्यंत आली नाही तर तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.’’ इतकी धडपड करून कायम झालीस गं! अशी घालवू नकोस ना.

कायम झालीस म्हणून तू आणलेला केक कुणाला आवडला नाही, हे आधी डोक्यातून काढ. इथली माणसं ‘घ्या’ म्हटल्याशिवाय हात लावत नाहीत. म्हटलं तरी पहिला तुकडा कोण उचलणार म्हणून एकमेकांकडे बघत बसतात. सगळी तुझ्या एका शब्दासाठी खोळंबली होती, आणि तू त्यांच्या भाषेत पाठ केलेलं सगळं ऐन वेळी विसरलीस. माझ्याकडे बघितलंस. मी उठून एक तुकडा घेतला असता, तर बाकीचा केक बघता बघता संपला असता.

मला हे ठाऊक होतं, आपा. तरी मी खाली मान घालून कॉफी ढवळत राहिले. दोन वर्षांनी कुठे त्यांनी मला आपल्या टेबलाशी बसवून घेतलं होतं. तुझ्याकडे आले तर पुन्हा परक्यांच्या टेबलावर जाईन, अशी भीती वाटली. लाज वाटते गं लिहिताना. कॉफीची सुट्टी संपली, सगळे उठले, आणि तू अख्खा केक पुन्हा डब्यात ठेवू लागलीस.

इथेच पत्र संपवणार होते. पण तू केक डब्यात ठेवत होतीस, तेव्हा सिर्पाबाईंनी मला विचारलं होतं, ‘‘तुझी कुणी लागते का ही?’’

मी म्हणाले, ‘‘छे! मी नाही ओळखत हिला.’’

तू पाठमोरी होतीस. तुला त्यांची भाषा कळत नाही, असं मीच आपल्या नातेवाइकांत सांगत फिरते. पण एवढं तुला कळलं. डबा लावता लावता तुझे हात थांबले, ते मी पाहिलं. तू वळून बघितलं नाहीस.

आज सकाळी मी सिर्पाबाईंना सगळं खरं सांगितलं. रडलेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, कप धुतला आणि म्हणाल्या, ‘‘मला कशाला सांगतेस? तिला सांग.’’

तुझी सख्खी आतेबहीण,
फौझिया