सुंदर बंदर

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. ५ मे १९३१

ती. आत्मारामदादास,
बालके कमळाचा शि. सा. न. वि. वि. मिशनच्या शाळेत बायबल शिकवतात, म्हणून मी बाटेन असा आईने धसका घेतलाय. पण कालचा धडा तुझ्याच धंद्याचा निघाला. पौल नावाच्या साधूला कैद करून गलबतातून नेत होते. मोसम सरत आला होता. क्रेत बेटावर ते 'सुंदर बंदर' नावाच्या जागी थांबले. मूळ ग्रीक नाव कालोई लिमेनेस, म्हणजे चांगली बंदरं. नाव असं, पण तुफानाचे महिने काढायला जागा गैरसोयीची! पौल नको म्हणत असता मालकाचं ऐकून ते निघाले आणि गलबत फुटलं. असं नाव का पडलं, ते बाईंनाही सांगता येईना. तू सांग.

दादा, तुझाही मोसम सरत आलाय. पाऊस तोंडावर आला. लवकर ये. लोभ आहे तसाच राहू दे.
कमळा

कारवार, ता. १४ मे

चि. कमळास अनेक आशीर्वाद.
मास्तरीणबाई, देवी आलेल्या घरात आपण रोगाचं नाव घेतो का? रात्री सापाला जनावरच म्हणतो ना? आमच्या शिडाच्या पडावावर बुडणं, फुटणं, वादळ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. माझ्यासारखाच मालकाचा दुसरा पडाव चालवणारा तांडेल सखाराम तर बोलणाऱ्याला उपाशी ठेवतो. त्या ग्रीक खलाशांनीही घाबरूनच गोड नाव दिलं असेल, असं आपलं मला वाटतं. बाईंना सांग.

पडावात कौलं भरायची राहिलीत. इथलं पाणी मचूळ, भातात खडे. आईला धीर दे, माया असू दे.
आत्माराम

कारवार, ता. २६ मे

चि. कमळास आशीर्वाद.
मालकाची तार आली. सोमवारी दोन्ही पडाव हाकारायचे. इथे सर्व छान आहे. आभाळ सुंदर, वारा गोड, बंदर तर फारच सुंदर. आईला सांभाळ. तुम्हा दोघींवर माझा फार जीव आहे.
आत्माराम

रत्नागिरी, ता. ३० मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.
तुझं पत्र ऐकून आई हसली, पोरगा मजेत आहे म्हणाली. मी परसात जाऊन रडले. तू जन्मात कुठल्या बंदराला सुंदर म्हटलं नाहीस. गोड नाव का देतात, ते तूच मला शिकवलंस. निघू नकोस. मालक पेढीवर बसून तारा करतो, त्याचं काय जातं? नोकरी गेली तर जाऊ दे, मी शाळेत शिकवून घर चालवीन. पत्र वेळेवर पोचणार नाही म्हणून तारही करते आहे.

मला फार भीती वाटते रे. उत्तर लिहिशील त्यात एकही चांगलं वाक्य घालू नकोस. एवढा लोभ कर.
कमळा

कारवार, ता. १६ जून

चि. कमळास अनेक आशीर्वाद.
तुझी तार मिळाली. पडाव ओढून वर घेतला. मालकाने मला कामावरून काढलं. इथे डास फोडून खातात. छप्पर गळतं, पाणी आणखी मचूळ झालंय, पडावावरचा स्वयंपाकी विठू रोज भात करपवतो. बंदर अगदी भिकार. उघडीप मिळाली की घाटाच्या वाटेने घरी येईन.

सखाराम मात्र ठरल्याप्रमाणे त्या सोमवारी निघाला. त्याच्या घरी गोदावहिनीला तू स्वतः जाऊन भेट, पोस्टावर सोपवू नकोस. तिला एवढंच सांग की त्या दिवशी समुद्र फार सुंदर होता. तांडेलाची बायको आहे, तिला कळेल. तिच्याजवळ थोडा वेळ बस. आमच्यावर आहे तेवढीच माया तिच्यावरही ठेव.
तुझा दादा