अण्णांचं दोन ओळींचं मत

प्रिय वैदेही,

तू पाठवलेलं पुस्तकांचं पुडकं पोचलं आणि वाचूनही झालं. दर वेळी मी दोन ओळींत मत कळवतो, तू ते सुबक अक्षरात कार्डावर लिहून तुमच्या दुकानात त्या पुस्तकाशेजारी लावतेस, खाली ‘अण्णांचं मत’ म्हणून. तुळजापुरातल्या एका निवृत्त मराठीच्या मास्तराचं मत वाचून पुण्यातली माणसं चित्रकथा विकत घेतात, याचं मला अजून हसू येतं. या वेळी मात्र दोन ओळींत भागायचं नाही.

आधी मतं देऊन टाकतो, म्हणजे तुझं काम अडणार नाही. ‘मिठागरातली मथी’ फार आवडलं. चित्रकारानं कागद कोरा ठेवून ऊन दाखवलंय, असं धाडस मी पाहिलं नव्हतं. मधल्या पानांवर मथी आणि तिची बहीण नुसत्या बसल्यात, एक शब्द नाही, तरी भांडण मिटलेलं कळतं. कार्डावर एवढंच लिही : ‘शेवट घाईत उरकलाय, पण मधलं मौन सोन्यासारखं.’ ‘वीजमाणूस, भाग तिसरा’ हे मात्र पोरकट आहे. नायक पडला की ‘धडाम’ अर्ध्या पानाएवढं. तुझ्यासारख्या अक्षरं मांडणाऱ्या मुलीला ते भडक वाटेल. मला मजा आली. दार लागलं तर ‘धाड’, भांडं पडलं तर ‘ठण्ण’, सगळं कसं लख्ख समोर. ‘कुलूपवाडी’ची गोष्ट चांगली आणि मांडणी वाईट. एका चौकटीत सात-आठ माणसं बोलतात आणि कुठलं बोलणं कुणाच्या तोंडचं हे कळत नाही. ते पुस्तक मी दोनदा मिटून ठेवलं. सगळे बोलतायत आणि आपल्यालाच कशाचा अर्थ लागत नाही, अशा जागी माणसाला फार वेळ बसवू नये, असं त्या लेखकाला माझ्याकडून कळव.

चौथं, ‘सव्वा इंचाचा राक्षस’. त्यावर तू चिठ्ठी लावली होतीस, ‘घरात येणाऱ्या नव्या वाचकासाठी, आधी आजोबांनी तपासून द्यावं.’ त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू पहिलं पुडकं पाठवलंस. मी नाक मुरडलं होतं, आठवतं ना? जन्मभर कादंबऱ्या शिकवल्या आणि म्हातारपणी चित्रांची पुस्तकं! पण लीला गेल्यावर घरात बोलायला कुणी राहिलं नाही. सकाळचा चहा मी अजून दोघांचा टाकतो आणि दोन्ही कप मीच पितो. त्या दिवसांत ही पुस्तकं उघडली की माणसांत बसल्यासारखं वाटायचं. कोण काय म्हणालं ते तिथंच, त्याच्या डोक्यावर लिहिलेलं. हळूहळू मला तीच गोडी लागली. आता तर मंगळवारी, शुक्रवारी गल्ली भक्तांनी फुलून जाते, नारळवाले, फुलवाले, हलगीवाले सगळे दारावरून जातात, आणि मी खिडकीशी बसून मथीच्या मिठागरात असतो.

बाकी इकडचं ठीक आहे. थंडी बरी पडलीय. शेजारचे गुरुलिंगअप्पा एसटीतून निवृत्त झाले, तेव्हापासून रोज संध्याकाळी येऊन बसतात. त्यांच्या दैवशालाबाईंनी मध्ये भिंतीवरून मला चांगलंच सुनावलं म्हणे, “सर, टीव्ही बारीक करा की ओ, लेकरं झोपंनात!” मी टीव्ही बंदच करून टाकला. माझा जुना विद्यार्थी बब्रुवान बेंबळीला शेतावर हुरड्याला घेऊन गेला. आगटीभोवती दहा-पंधरा जण होते. कुणीतरी काही बोललं, सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, जरा मागाहून. कशाला हसले ते विचारलं नाही. गरम हुरडा हातावर चोळत राहिलो. परतताना बब्रुवान गाडीत वाटभर बोलत होता आणि मी मान हलवत होतो. घरी उतरल्यावर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू माझ्याकडून एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय.

नवरात्रात तू आणि शंतनूराव आलात, देवीची ओटी भरलीस, घरी येऊन माझ्याजवळ बसलीस आणि अगदी हळू काहीतरी म्हणालीस. मग फोनवर सोनोग्राफीचं चित्र दाखवलंस. मी ते इतका वेळ बघत बसलो की तू हसायला लागलीस. त्या रात्री मी लीलाच्या फोटोसमोर उभा राहून मोठ्यानं सांगितलं. किती मोठ्यानं ते मला माहीत नाही, पण सकाळी दैवशालाबाई पेढे मागायला आल्या.

मध्ये तू मेसेज केला होतास, ‘अण्णा, हल्ली फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.’ त्याचं उत्तर मी दिलं नाही, ते आता देतो. वैदेही, मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, गेल्या पावसाळ्यापासून जवळजवळ काहीच येत नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस गेलीय, यंत्राचा फार उपयोग नाही. लावून पाहिलं, तर डोक्यात भांडी कोसळल्यासारखं झालं. गुरुलिंगअप्पांना माहीत आहे. ते पाटीवर खडूनं लिहून बोलतात. ‘लेकीला सांगून टाका सर, आज ना उद्या कळंलच,’ असं त्यांनी कितीदा लिहिलं. पण तू लगेच मला पुण्याला न्यायला निघाली असतीस. तुला जपायचे दिवस होते, आणि मला वाटलं, बाळ होईपर्यंत निभावून नेऊ. म्हणून रविवारी तुझा फोन आला की मीच बोलत सुटायचो. तुझं ठरलेलं असतं, आधी जेवण, मग औषधं, मग पुस्तकं. मध्ये थांबून मी त्या अंदाजानं ‘हो हो’, ‘छान झालं’ म्हणायचो आणि ते बसायचं. या रविवारीही मी तसाच थांबलो आणि म्हणालो, ‘छान झालं, फार छान झालं.’ फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली. मी स्वयंपाकाला लागलो, भाजी केली, नीट जेवलो. सोमवारी शंतनूरावांचा मेसेज आला. ‘अण्णा, बाळ राहिलं नाही हे वैदेहीनं तुम्हाला स्वतः सांगितलं. तुम्ही असं का बोललात? ती कुणाशी बोलत नाहीये.’ मी तो मेसेज घेऊन तसाच गुरुलिंगअप्पांच्या दारात गेलो. काय बोललो ते मला ठाऊक नाही, पण दैवशालाबाईंनी हात धरून मला खाली बसवलं. तुला फोन करता येईना आणि मेसेजमध्ये लिहायला घेतलं की बोटं थांबायची. शंतनूरावांना ‘निघतोय’ एवढंच कळवलं. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. सकाळच्या पुण्याच्या गाडीत बसतोय. दार उघडलंस की काही बोलू नकोस, आधी हे तुझ्या हातात देईन, ते वाच. मग माझ्यासमोर उजेडात बैस आणि रविवारी जे सांगितलंस ते पुन्हा सांग. सावकाश सांग, मला ओठांवरून थोडं कळतं. तेच परत बोलायला लावतोय, पोरी, फार जड जाईल तुला. पण तू ते तुझ्या अण्णाला सांगायला फोन केला होतास, आणि अण्णा फोनवर नव्हताच.

तुझाच,
अण्णा