सोल्युशनचा मुका

११ जानेवारी
पैज लागली! लेकाशी, फोनवर.

म्हणाला, "आई, दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये. तुझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय." कुठला रंग? "पांढरा." म्हटलं, आई येतेय की पेशंट? हसला नाही. हल्ली माझ्या चेष्टेला घाबरतो तो. बाप जाऊन पाच महिने झाले, बाई रडत नाही, वर दात काढते — डोक्यावर परिणाम झाला असणार!

मग म्हणाला, "चिकटवायचं काम बाबांचं. तू शिलाईवाली. गिऱ्हाईक दयेनं किती दिवस येणार?" झोंबायला हवं होतं. झोंबलं नाही.

कालच कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या बारा खुर्च्या आल्यात. रेक्झिनच्या, सगळ्या फाटक्या. म्हटलं, तू एक तारखेला ये, एप्रिलच्या. बाराही खुर्च्यांवर बसून बघ. एक जरी ठिगळ उचकटलं तर मुकाट तुझ्याबरोबर येते. नाही उचकटलं तर मी इथंच राहणार, आणि हा विषय परत काढायचा नाही. "चालेल," म्हणाला.

एक एप्रिल मुद्दाम सांगितली. त्याच्या लक्षातच आलं नाही.

१३ जानेवारी
पहिली खुर्ची घेतली. बैठकीला वीतभर चीर, कडा वर वळलेल्या. स्पिरिटनं पुसलं. लोंबणारे दोरे कापले. आत कापडाचा तुकडा सरकवला, चिमट्यानं सपाट केला, दोन्हीकडं चिकटवायचं सोल्युशन लावलं. यांच्यामागं पाच महिने मागच्या खोलीत बसून एवढंच करतेय, इथपर्यंत कुणालाही जमेल.

पुढची मधली वेळ गाठायची असते. ओलं असताना दाबलं तर ठिगळ सरकतं. वाळल्यावर दाबलं तर धरत नाही. हे बोटाची मागची बाजू हलकेच टेकवून बघायचे आणि म्हणायचे, "हं, बोलतंय." सोल्युशन बोटाला जरासं ओढतं, तेच त्याचं बोलणं.

मी टेकवलं. काही बोललं नाही. अंदाजानं दाबलं.

१४ जानेवारी
उचकटलं. सगळं ठिगळ गालिच्यासारखं वर आलं. बरं झालं, लेक बघायला नव्हता.

१७ जानेवारी
तीन खुर्च्या केल्या, तिन्ही परत काढल्या. बोटं लाकडाची झाल्यासारखी वाटतात. सुई धरते ती डोळ्यांनी, हातानं नव्हे. चहाचा कप हातात आहे की नाही ते खाली बघून ठरवावं लागतं.

नणंद आली होती. मला न्याहाळून म्हणाली, "वहिनी, तू पार बधीर झालीस गं. त्याच्यावर जीवच तेवढा होता तुझा." जाताना स्वतःच रडली. मी तिला पाणी दिलं. तिच्या पर्सचा पट्टा उसवला होता, बसल्या बसल्या तोही शिवून दिला.

खरं सांगायचं तर ते ऐकून बरं वाटलं. रडू येत नाही म्हणून मनात चोरट्यासारखं वाटायचं. बधीर झालेय, म्हणजे काहीतरी झालंय तर!

१८ जानेवारी
तेच.

२२ जानेवारी
युक्ती सापडली!!

बोटांना कळत नाही ना, मग ओठांना विचारू. सोल्युशन लावलं, थोडं थांबले, वाकून ओठ टेकवला. ओढलं! स्पष्ट. लगेच ठिगळ दाबलं, वर इस्त्री आणि दोन विटा ठेवल्या. तासाभरानं नखानं उचकटून बघितलं. हललंसुद्धा नाही.

समोरचा चावीवाला नेमका तेव्हाच डबा परत द्यायला आला. दारातच थबकला.

"वहिनी... खुर्चीचा मुका घेताय?"

"मग काय तुमचा घेऊ भाऊजी?"

कानापर्यंत लाल झाला बिचारा. साठी उलटलेला माणूस, हजार कुलपं उघडली, एवढंसं उत्तर देता येईना! डबा ठेवून पळाला. मी हसले. हसल्याचा आवाज ऐकला, आत मात्र काही हललं नाही.

२९ जानेवारी
पाच झाल्या. ठिगळ धरलं की वर भरण्याचा लेप, पातळ पातळ, तीन वेळा. मग नक्षीचा कागद ठेवून छोटी इस्त्री फिरवायची, की रेक्झिनवरच्या सुरकुत्या तशाच उमटतात. शेवटी स्पंजनं रंग. हे म्हणायचे, चीर कुठं होती ते फक्त आपल्याला माहीत राहिलं पाहिजे.

खिडकी घट्ट आहे म्हणून बरं. मागं फरशी कापणारा आल्यापासून नुसता धुरळा. ओल्या सोल्युशनवर एक कण बसला तरी तिथं पुळी उठते. दोन वर्षांपूर्वी मीच फटीफटीत रेक्झिनच्या पट्ट्या चिकटवून खिडकी बंद केली. हे कुरकुरले होते, "अगं, वास कोंडतो." म्हटलं, वासाचा डाग पडत नाही, धुळीचा पडतो! चिकटवायचं टेबल मागच्या खोलीत, माझं मशीन पुढं शटरपाशी. मग गप्प बसले.

६ फेब्रुवारी
डोकं जड. जेवले नाही. सात झाल्या.

१२ फेब्रुवारी
लेकाचा फोन. "किती झाल्या?" आठ. "उचकटल्या?" म्हटलं, तुझी मुंज लावली तेव्हा— मग आठवलं, त्याची मुंज आम्ही लावलीच नव्हती. काय बोलायचं होतं तेच विसरले. तो म्हणाला, "आई, बरी आहेस ना?" म्हटलं, आठ खुर्च्यांचे मुके घेणारी बाई बरीच असते.

२५ फेब्रुवारी
अकरा. कशाचंच काही वाटत नाही. यांचा शर्ट फडक्यासाठी फाडला. आधी बाह्या, मग पाठ. चांगलं मऊ फडकं झालं.

९ मार्च
बाराही खुर्च्या दवाखान्यात पोचवल्या. डॉक्टरीणबाईंनी हात फिरवून बघितला, एकही चीर सापडली नाही. खूश झाल्या. मग स्वतःची मोठी खुर्ची दाखवली, "हिचा हातही बघा ना. अस्सल चामडं आहे हं." मी उलटी करून बघितली. म्हटलं, बाई, हे चामडं कुठल्याच जनावराचं नाही, हे कारखान्याचं. शेजारची नर्स फिसकन हसली. मी तिथंच बसून दुरुस्ती सुरू केली. नक्षीच्या कागदावर इस्त्री फिरवत होते, तेवढ्यात बाई ओरडल्या, "अहो, अंगठा!"

अंगठा इस्त्रीखाली होता. मला पत्ताच नाही.

त्यांनी अंगठा नळाखाली धरला, मलम लावलं, मग मला समोर बसवलं. डोळे मिटायला सांगितले. "टोचलं की बोला." मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला. म्हटलं, अहो टोचा की! किती घाबरता?

"पाच वेळा टोचून झालं," त्या म्हणाल्या.

डोळे उघडले. बोटांवर लाल ठिपके. पाच.

मग पावलांनाही टोचलं. तिथंही तसंच. म्हटलं, बाई, मालक गेल्यापासून असंच आहे. सगळे म्हणतात दुःखानं बधीर झालेय. त्यांनी मान हलवली. "दुःखानं असं मोजे घातल्यासारखं होत नाही. काम काय करता? कुठलं सोल्युशन? खोलीला खिडकी आहे?"

आहे. बंद असते. धूळ येते ना.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळू सांगितलं. सोल्युशनच्या वाफेनं नसा मरतात. आधी बोटं आणि पावलं, मग वर. ते काम बंद करायचं. आजपासून. मग कदाचित परत येईल, हळूहळू, कदाचित सगळं नाही. ओठ टेकवते ते सांगितलं तेव्हा कपाळालाच हात लावला त्यांनी.

"हे काम आधी कोण करायचं?"

मालक.

"त्यांना काही त्रास होता? पाय अडखळणं? हातातून वस्तू पडणं?"

मी कागदावरच्या नक्षीकडं बघत राहिले. यांची चप्पल रस्त्यात निसटायची आणि यांना कळायचं नाही. एक पाय अनवाणी घेऊन तसेच चालत राहायचे. मी मागून ओरडायचे, "अहो, तुमची चप्पल माहेरी राहिली!" सगळी गल्ली हसायची. तेही हसायचे. कप फोडले की म्हणायचे, "हात रुसलेत." मी म्हणायचे, हाताला सासू आणते!

माळ्यावरून रेक्झिनचा रोल काढताना शिडीवरून पडले ते. पाय पायरीवर नीट पडला नाही. सगळे म्हणाले, तोल गेला.

बाईंना विचारलं, त्यानंच का? "असं ठाम नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना असंच बोलावं लागत असेल.

खुर्चीचा हात पुरा करून दिला. अर्धवट कशाला ठेवायचा!

१० मार्च
म्हणजे ही बधिरता दुःखाची नव्हतीच. सोल्युशनची होती.

मग दुःख कुठंय?

११ मार्च
सुरीनं खिडकीच्या पट्ट्या खरवडल्या. तासभर लागला. कसल्या घट्ट चिकटवल्या होत्या! एकही सहज निघाली नाही. माझंच काम. खिडकी उघडली तर बाहेर भिंत, वीतभर आकाश, फरशीवाल्याचं मशीन. तो म्हणाला, "अरे, इथं खिडकी होती?"

१५ मार्च
मशीनवर फक्त शिलाई केली. चिकटवायचं सगळं परत पाठवलं. चावीवाला म्हणाला, "वहिनी, संप का?" म्हटलं, ओठ दुखतात भाऊजी. आता पळाला नाही. खुर्ची ओढून बसला. "आमचा दोस्त नेहमी म्हणायचा," तो म्हणाला, "तुमची चेष्टा नसती तर दुकानात करमलं नसतं."

बॉबिन भरत बसले.

२४ मार्च
लेकाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर दुकान गेलं. आणि खिडकीचं सांगितलं तर लेकही. मन एकदा म्हणतं, त्याला कसं कळणार? डॉक्टरीणबाई सांगायला जाणार नाहीत. पैज तर मी जिंकलेलीच आहे.

१ एप्रिल
लेक आला. पिशवी घरात टाकली आणि तडक दवाखाना. बाराही खुर्च्यांवर बसला. एकीवर तर लहानपणी पलंगावर उडायचा तसा उडाला. पेशंट बघत राहिले. कडा नखानं उचकटून बघितल्या. एकही हलली नाही.

बाहेर येऊन म्हणाला, "जिंकलीस." मग, "बाबांना नसतं जमलं इतकं." मग, "राहा बाई तू. नाही काढणार विषय." पाठीवर थाप मारली, थाप कळली मला. चेहरा यांचाच आहे त्याचा, हसताना.

आता सांगायचंच नाही, असं ठरवलं. संध्याकाळभर ठरवत होते.

३ एप्रिल
सांगितलं. खिडकी, पट्ट्या, चप्पल, शिडी. सगळं. त्यानं दुकानाची किल्ली उचलून खिशात घातली. मला वाटलं, आता उठून जाईल. गेला नाही. माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि एकेक बोट चिमटायला लागला. "हे कळतं? हे?" करंगळीला कळ आली. थेट कोपरापर्यंत.

म्हटलं, "नाही रे. परत बघ."