यमुनाबाईंची खोली

७ जानेवारी १९७३, रविवार
नळ तीन दिवसांनी आला, तोही बोटाएवढा. आम्हाला दोनच हंडे मिळाले. शेजारच्या यमुनाबाईंनी त्यांच्यातली एक कळशी आणून ओतली. "पोरीला आंगूळ घाल," म्हणाल्या. त्यांची भाची काशी पाथर्डीहून आलीय, तान्हं मूल घेऊन. नवरा ऊसतोडीला गेला, मागे गावात विहिरींना पाणी नाही, म्हणून मावशीकडे. म्हणजे त्यांच्या खोलीत आता तिघं. आमच्या खोलीत चार. खोल्या सारख्याच, दहा बाय दहा. मध्ये फळ्यांची भिंत. काशीनं कूस बदलली तरी इकडे कळतं.
सासूबाईंचा खोकला तसाच.

११ जानेवारी
नंदीला संध्याकाळी पुन्हा कणकण. सहा वर्षांची पोर, फ्रॉक अंगावर लोंबतात. शाळा सुटल्यावर डॉक्टरांकडे नेली. छातीचा फोटो काढायला सांगितला. सासूबाईंच्या क्षयाचे कागद पाहिले आणि विचारलं, "घरात खोल्या किती?" मी म्हटलं, एक. ते लिहायचे थांबले. "मग मी औषध काय देऊ, बाई? हिला आजीपासून वेगळी निजवा."
वेगळी म्हणजे कुठे. हे तर आधीच बोळात निजतात.

२१ जानेवारी
रविवार सगळा खोल्या बघण्यात. सावेडीकडे एक चांगली होती, पण पागडी आमच्या आवाक्यातली नाही. तोफखाना भागात आधी जात विचारली, मग घरात आजारी कोणी आहे का ते. ह्यांनी खरं सांगितलं. घरमालकीण बाईंनी हातातला चहा आम्हाला न देता तसाच आत नेला.
येताना मी चिडले, खरं का सांगितलंत म्हणून. रस्त्यातच.

१ फेब्रुवारी
मालकांनी दोघांना दुकानात बोलावलं. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून बोलणं. यमुनाबाईंवर खोली सोडण्याचा दावा त्यांनी मागच्याच वर्षी लावलाय. तो पुढे सरकत नाही. आता म्हणतात, बाईनं पोटभाडेकरू ठेवलाय, हे कोर्टात आलं की काम झालं.
मी म्हटलं, "भाऊ, काशी भाची आहे त्यांची."
"असेल. मी कुठं न्हाई म्हणतो? तुम्ही फक्त जे बघितलं ते सांगायचं." मग ह्यांच्याकडे बघून, "मधली भिंत फळ्यांची हाय. काढली की तुमच्या दोन खोल्या होतात. भाडं तेच ठेवू."
हे म्हणाले, विचार करतो. भाऊ म्हणाले, तुमचं नको, मास्तरीणबाईंचं सांगणं कोर्ट ऐकतं.

४ फेब्रुवारी
नंदीच्या छातीचा फोटो आला. उजव्या बाजूला डाग आहे.

१८ फेब्रुवारी
काशी पहाटे खडी फोडायला जाते, दुष्काळी कामावर. मूल य.बाईंजवळ. त्या ते मांडीवर घेऊन गोधड्या शिवतात. माझी नंदी झाली तेव्हा अशाच बसल्या होत्या आमच्याकडे, दहा दिवस. हे लिहायचं नव्हतं.
आठवड्याच्या बाजारादिवशी काशी पगार आणून मावशीच्या हातात ठेवते. दारातच, सगळ्यांसमोर. मग दोघी ज्वारी आणायला जातात. मी पाहते. आजही पाहिलं.

९ मार्च
भाऊंच्या माणसांनी य.बाईंच्या खोलीवरचे चार पत्रे काढले. दुरुस्ती म्हणे. पत्रे हातगाडीवर घालून घेऊन गेले.

१४ मार्च
पत्रे आले नाहीत. त्यांनी वर गोधड्या बांधल्यात. दुपारी मूल किरकिरतं ते शाळेतून आल्यावर ऐकू येतं. सासूबाई म्हणाल्या, "सुशीला, दुपारचं त्या लेकराला आपल्यात घे." मी म्हटलं, तुमच्या खोकल्यात?  बरोबरच बोलले मी. पण तेवढ्यासाठी बोलले नव्हते.

१५ मार्च
काशी दारात येऊन उभी. "बाई, भाऊला तुमी सांगितलं तर ऐकतेल. तुमी शिकलेल्या." मी म्हटलं, सांगते.
सांगितलं नाही.

२ एप्रिल
रात्री नाही, सकाळी लिहितेय. हे म्हणाले, "तू नको म्हणालीस तर मी भाऊंना तसं कळवतो." म्हणजे हो म्हणायचं ते माझ्यावर आणि नाही म्हणायचं तेही माझ्यावर. नंदी तेव्हा आजीच्या पाठीला चिकटून निजलेली होती. आजीशिवाय झोपत नाही.
नकार कळवू नका म्हटलं.

१७ एप्रिल, मंगळवार
साक्ष झाली. शाळेत अर्धी रजा. भाऊंचे वकील कसे विचारणार ते त्यांनी आधीच समजावलं होतं.
"ती बाई खोलीत राहते?" हो.
"दर आठवड्याला पैसे देते?" हो.
"तुम्ही स्वतः पाहिलंत?" हो.
संपलं. कशाचे पैसे ते कोणी विचारलं नाही. यमुनाबाईंचे वकील आलेच नव्हते. त्या मागे भिंतीशी उभ्या होत्या. न्यायाधीशांनी विचारलं, काही विचारायचंय का साक्षीदाराला? त्या म्हणाल्या, "मी काय इचारू? बाईला सगळं ठावं हाय."
एकही शब्द खोटा बोलले नाही. घरी येऊन भाकऱ्या केल्या. दोन करपल्या.

२० एप्रिल
सासूबाईंना कुणीतरी सांगितलंय. माझ्या हातचं पाणी घेतात, बोलत नाहीत.

१८ जून, सोमवार
निकाल भाऊंच्या बाजूनं लागला होता. कोर्टाचा माणूस खोली खाली करायचा हुकूम घेऊन आला, बरोबर भाऊंची दोन माणसं. मी शाळेत जाणार होते, मुद्दाम लवकर. पण ते आठलाच आले. सामान बाहेर ठेवायला किती वेळ लागणार. एक ट्रंक, पाटा-वरवंटा, गोधड्या, दोन डबे, देवांची फळी. देव यमुनाबाईंनी ओच्यात घेतले.
मी दार ओढून घेतलं होतं. काशीनं बाहेरून कडी वाजवली. उघडलं.
"आमी तुमच्या भिंतीला टेकून निजत हुतो, बाई. दुसरं काय केलं तुमचं?"
मावशीनं तिला दंडाला धरून ओढलं. "चल. पोरगी आजारी हाय तिची."
सासूबाई आतून म्हणाल्या, "यमुने, थांब." उठायला गेल्या, उठता येईना. मी उठवलं नाही. त्या दाराशी पोचल्या तेव्हा हातगाडी वळली होती.

२४ जून
भाऊंनी शब्द पाळला. पत्रे परत बसवले. सुताराकडून चार फळ्या काढून घेतल्या, ये-जा करण्यापुरत्या. सासूबाईंचं अंथरूण तिकडे टाकलं. "मला इथं टाकलंस व्हय," एवढंच म्हणाल्या. दोन महिन्यांत माझ्याशी हे पहिलं बोलणं.
नंदी रडली, मग निजली. हे आज बोळात नाही, घरात निजणार. लग्नानंतर पहिल्यांदा पाय पूर्ण लांब करता आले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१६ सप्टेंबर
नंदीचा ताप पंधरा दिवसांत एकदाही नाही. भाकरी मागून खाते. डॉक्टर म्हणाले, "बघा, मी काय सांगत होतो."
सासूबाईंचं जेवण निम्म्यावर आलंय. ताट तसंच परत येतं. डॉक्टरांना आणू म्हटलं तर म्हणाल्या, नंदीला न्या.

७ ऑक्टोबर
भाजी घ्यायला गेले, तिथे रस्त्याच्या कडेला यमुनाबाई. जळणाच्या शेण्या विकायला बसल्या होत्या. खडीच्या खाणीपाशी पोत्यांचं खोपट घातलंय, असं आमच्या गल्लीत ऐकलं होतं. मी पलीकडे जाणार तोच त्यांनी बघितलं.
"नंदीचा ताप ग्येला का गं?"
गेला म्हटलं.
"बरं झालं."
काशी शेजारीच होती. तिनं मान वर केली नाही. तिच्याजवळ मूल नव्हतं. कुणाकडे ठेवलं असेल. मी विचारलं नाही. पिशवीत काय घेतलं तेही घरी येऊन पाहिलं.

२९ ऑक्टोबर
त्या दिवशी घरी आल्यावर फक्त ह्यांना सांगितलं होतं, सासूबाईंना नाही; नंदीनं ऐकलं असणार. आज नंदीनं सांगितलं, "आईला यमुनामावशी भेटली." सासूबाईंनी विचारलं, काशीचं बाळ कसं आहे? मी म्हटलं, बरं आहे.
हे मात्र खोटं. म्हणजे मला माहीत नाही.

१२ नोव्हेंबर, सोमवार
कोर्टाची नोटीस. शाळेतच आणून दिली, मुख्याध्यापिकांच्या टेबलावर. यमुनाबाईंनी कुणातरी नव्या वकिलाकडून अर्ज केलाय, त्यांचा वकील आला नव्हता, त्यांचं ऐकलंच नाही म्हणून. कोर्टानं ते मान्य केलंय. निकाल बाजूला ठेवलाय. माझी उलटतपासणी होणार, तीस तारखेला.
भाऊ संध्याकाळी येऊन गेले. बसले नाहीत. "बाई, तेव्हा जे सांगितलं तेच सांगायचं. दुसरं सांगितलंत तर फळ्या परत ठोकायला मला एक दुपार लागते." नंदीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले.
सासूबाई फळ्यांच्या त्या बाजूला जाग्याच होत्या. सगळं ऐकलं असणार. खोकल्या नाहीत.
ह्यांनी विचारलं, "काय सांगशील?"
मी म्हटलं, आता अर्ध्या रजेत भागायचं नाही, पूर्ण टाकावी लागेल.