उदो एका सेकंदात मावत नाही

१२ फेब्रुवारी, बुधवार

यांच्या दुकानात आज पुन्हा फजिती! लेकीनं, भैरवीनं, बनवलेलं यंत्र — विहिरीतलं पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारं — नवा प्रोग्राम घ्यायलाच तयार नाही. जुन्याला कोरडी विहीर ओळखता येत नाही. गिऱ्हाईक महांतप्पा बाकावर बसून म्हणाले, "त्यापरीस मीच वाकून बघतो की विहिरीत."

घरातही एक गोष्ट अडकलीय. हैदराबादच्या कंपनीनं भैरवीला नोकरी देऊ केलीय, सोमवारपर्यंत कळवायचंय. आमच्या यांना — योगीराज, नळदुर्गात बावीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारे — विचारलं, तर म्हणतात, "तू काय म्हणतीस?" माणसाला स्वतःचं मत नसावं म्हणजे किती!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भैरवीनं समजावलं. तिसऱ्या खेपेला कळलं. बटण दाबलं की चिप जागी होते. पण कामाचा प्रोग्राम लगेच उठत नाही. आधी मेमरीच्या एका कोपऱ्यातला चिमुकला प्रोग्राम उठतो — बूटलोडर. तो एक सेकंद वायरीला कान लावून बसतो. पलीकडून नवा प्रोग्राम आला, तर तुकड्या-तुकड्यानं घेऊन मेमरीत लिहितो आणि कारभार त्याच्या हाती देतो. कुणीच बोललं नाही, तर कालचाच चालू.

मी म्हटलं, हा तर तुझा बाप! चहाचा पहिला घोट जाईपर्यंत ऐकतो, पुढं कालचाच योगीराज.

पोरगी हसली नाही. "आई, ते हैदराबादचं —" म्हणाली. मी म्हटलं, तिथलं पाणी बाधतं, भाड्याच्या खोल्यांत ढेकूण असतात, आधी पोळ्या उरक.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही न्हाय. महांतप्पांना चहा तेवढा चौथ्यांदा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चोर सापडला! पेपरातल्या माझ्या सदरासाठी मसाला मिळेल म्हणून डबा घेऊन मीच दुकानात गेले.

नव्या यंत्राचं पहिलं बटण मालकानं दाबायचं, हा यांचा बावीस वर्षांचा नेम. यांनी डावा हात वर केला, उजव्यानं बटण दाबलं, डोळे मिटले. "आई राजा उदो उदो!" मग सावकाश हात खाली — आता प्रोग्राम पाठव, अशी भैरवीला खूण. घड्याळात बघितलं: चार सेकंद! बूटलोडर बिचारा एक सेकंद वाट बघून, कुणी नाही म्हणत, जुन्याच्या हाती कारभार देऊन केव्हाच मोकळा.

भैरवी म्हणाली, "पप्पा, उदो आधी म्हणा, मग दाबा."

"बटणावर हात नसताना? मग तो उदो कशाचा?"

महांतप्पाही यांच्याच बाजूनं. ज्याच्या विहिरीचं काम अडलंय, तोच!

१६ फेब्रुवारी, रविवार

पोरीनं बापाला हात लावला नाही, बूटलोडर बदलला. दुसरा बोर्ड जोडून त्या चिमुकल्यालाच नव्यानं लिहून काढलं. आता तो पाच सेकंद कान लावून बसतो.

बटण. उदो. हात खाली. दिवा लुकलुकला — प्रोग्राम गेला आत!

यंत्र विहिरीवर बसवल्यावर महांतप्पांनी खात्रीसाठी पाण्यातून पाइप वर ओढायला लावला. मोटर आपोआप गप. "व्हय," म्हणाले, "वाकून बघतंय खरं."

आता उद्या या गृहस्थांना धारेवर धरते. यंत्राला समजलं, यांना कधी समजणार?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच धरलं. आज शेवटचा दिवस, पोरीला अडवता कशाला?

यांनी बशी खाली ठेवली. "मी पहिल्याच दिवशी हो म्हणलंय. ती तुझ्यापाशी येऊन येऊन परत जातीय."

भैरवी दारात उभी. "आई, ते हैदराबादचं —"

पाणी, ढेकूण, पोळ्या — सगळं जिभेवर आलं होतं. तोंड मिटून मनात मोजायला लागले. एक. दोन. तीनला तिचं बोलून झालंसुद्धा.

माळ्यावरची बॅग मीच काढली.