नानांची खाऱ्या पाण्याची टाकी

वना,

आईला देवपूरला मावशीकडे नेतेय. "नानांची माशांची टाकी मीच धुणार," म्हणून हटून बसली होती. संध्याकाळच्या आत ती तू रिकामी कर.

आधी मेन स्विच पाड, मगच पाण्यात हात घाल. नळी तोंडाने ओढू नकोस, पाणी सडलंय. लिंबाला घालू नकोस, मिठाने जळेल, मोरीत सोड.

मग टाकीखालचा विजेचा बोर्ड बघ. खारं पाणी वायरवरून ओघळून त्यावर मिठाचा थर चढलाय. "वना, बोर्ड भिंतीवर घे ना पोरा," नाना पावसाळाभर म्हणत होते. तू दरवेळी "उद्या" म्हणालास. नानांचा ओला हात त्यालाच लागला.

तो बोर्ड तुझ्याच हाताने काढ. नाना हार्ट अटॅकने गेले, असं आईला सांगितलंय. तिने पुन्हा विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही.

पुष्पाताई