अंगी लागेना

६ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क चांगला गेला. चष्म्याच्या काचांची कंपनी. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली काच उजेडात धरायची, चरा शोधायचा, नंबर जुळवायचा, पाकिटावर खूण करायची. खोलीत आम्ही सहा जण. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सगळे काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणाले. त्यांनी अर्धं सफरचंद कापून दिलं आणि विचारलं, लग्न झालंय का, नसेल तर का नाही.

साहेबांनी माझ्या फोनमध्ये वजन कमी करायचं ॲप घालून दिलं. सगळा विभाग मिळून एक गट. दर आठवड्याला गटाचं एकूण वजन उतरलंच पाहिजे, असा मुख्य कार्यालयाचा दंडक. गंमत म्हणजे आपलं खाणं आणि व्यायाम आपण लिहायचा नाही, कारण माणूस स्वतःशीच जास्त खोटं बोलतो. शेजाऱ्यानं बघून लिहायचं, घरचं विचारून. माझं काकू लिहिणार. मी तशी गोलमटोल; आईच्या भाषेत खात्यापित्या घरची. म्हटलं, बरंच झालं, अनायासे उतरेल.

१२ फेब्रुवारी
समोरच्या भाऊंना बढती मिळाली. केक आला. मी दोन तुकडे खाल्ले आणि काकूंना म्हटलं, एवढे लिहू नका. त्यांनी डोळा मिचकावला आणि काहीच लिहिलं नाही. उलट माझ्या नावावर चार मजले जिने चढल्याचं लिहून टाकलं. मी आले होते लिफ्टनं. अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

घरी आल्यापासून पोटऱ्या मात्र दुखतायत.

२१ फेब्रुवारी
कपडे सैल झाले. साहेबांनी माझा फोटो भिंतीवर लावला. भाऊ पावावर बोटभर लोणी थापत म्हणाले, हिच्या पुण्याईनं आमचंही भागतंय. सगळे हसले.

आई फोनवर म्हणाली, आवाज बारीक झालाय, जेवतेस ना. जेवते. डबा संपवते, घरी येऊन पुन्हा भात लावते. पोट भरल्यासारखं वाटतच नाही.

२ मार्च
डॉक्टरांनी रक्त तपासलं, दोष काही नाही. काय खाता, असं विचारलं. सकाळी चार अंडी, तीन केळी, दुपारी भरपूर भात, असं सांगितलं. ते हसले. खोटं बोलणाऱ्या पोरीकडे बघून हसतात तसं.

कचेरीतल्या पार्सलच्या वजनकाट्यावर उभी राहिले; महिनाही झाला नाही आणि अकरा किलो उतरलेत. मग ॲप उघडून मागचं सगळं पाहिलं. केकच्या दिवसापासून काकूंनी माझ्या ताटातलं काहीही लिहिलेलं नाही. नुसते जिने.

४ मार्च
काकूंना विचारलं. त्यांनी आवाजही खाली केला नाही. म्हणाल्या, लिहिलं तरच अंगी लागतं, हे आम्हाला केव्हाच कळलंय. कुणाचं तरी उतरायला हवं. सहा जणांनी अर्धपोटी राहायचं, त्यापेक्षा एकीचंच लिहायचं नाही. तुझ्या आधी त्या खुर्चीत एक मुलगी होती, गुणी होती बिचारी. भाऊ भरल्या तोंडानं म्हणाले, नव्या सुनेनं थोडं सोसायचं असतं. पुन्हा सगळे हसले. मीही हसले, हे लिहायला लाज वाटते.

साहेबांना म्हटलं, मी नोकरी सोडते, ॲप काढून टाकते. ते म्हणाले, खुशाल. पण मग तुमचं लिहिणार कोण?

८ मार्च
आई आली. पिशवीभर खाऊ घेऊन. मला लहानासारखं भरवलं. मी खात गेले, ती भरवत गेली. तिच्या हाताचंही अंगी लागलं नाही.

तिला सगळं सांगितलं. ती डॉक्टरांसारखी हसली नाही. पदर खोचला आणि माझ्या कचेरीत गेली.

९ मार्च
घरच्यांना गटात येता येतं. आई गटात आली आहे. काकू माझं ताट पुरतं लिहिणार, असं ठरवून आली. आईचं ताट मी लिहायचं. म्हणजे लिहायचं नाही. दंडावर थाप मारून म्हणाली, माझ्या अंगावर काय कमी आहे, दोन-चार वर्षं आरामात निघतील.

मी म्हटलं, असं कसं होईल. मी तिचं सगळं लिहिलं.

११ मार्च
गटाचं वजन वाढलं. काकूंनी माझं ताट कोरं ठेवलं. मी टेबलापाशीच कोसळले.

१२ मार्च
आईचं लिहिलं नाही. फक्त आजच्यापुरतं.

भात अंगी लागला. अंगभर ऊब पसरली. किती दिवसांनी — रडले.

२० मार्च
माझे गाल भरले. आईची अंगठी भांडी घासताना गळून पडली. म्हणते, बरं झालं, गुडघे हलके झाले. देवाच्यान्, खूश आहे म्हणते.

२५ मार्च
आई भिंत धरून चालते. उद्या लिहीन. एक घास तरी. कालही असंच ठरवलं होतं —

२६ मार्च
काकू म्हणाल्या, छान तब्येत झाली हो. मी थँक्यू म्हणाले. मी —

२८ मार्च
दोघी जेवलो. तिनं सगळं संपवलं, मला दिसावं म्हणून. रिकामं ताट माझ्याकडे कलतं करायला गेली, उचललं नाही तिला.

फोन विचारतोय, आईंनी काय खाल्लं.

लिहिलं तर उद्या माझं —

ती मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसली आहे. मला अवघडायला नको म्हणून. पाठीची हाडं पोलक्यातून —

आत्ताच जेवले आणि तरी भूक —

लिहिते. आईंनी काय खाल्लं. लिहिते. काही ना